कलमाच्या पट्टीने बांधलेली चक्री

मखमलाबाद रस्ता, नाशिक
अधिक ज्येष्ठातला पहिला सोमवार

कर्र टक्, कर्र टक्, कर्र टक्.

चिमाजीराव, हा आवाज ओळखलात तर तुम्ही आबांचे चिरंजीव खरे. नाही ओळखलात तर औषध मारायच्या पंपाची घरघर तुमच्या कानात कायमची मुक्कामाला आली आहे असं समजून मी सविस्तर लिहितो. आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या धोंड्याच्या महिन्यात तुमच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या सासऱ्यांनी, जावयाच्या वाणाच्या ताटात अनारशांशेजारी मासे धरायच्या गळाची दोरी गुंडाळायची चक्री ठेवली होती. लोक जावयाला अंगठी देतात, घड्याळ देतात. आबांनी चक्री दिली. मी नदीकाठी बसून शाळेतल्या कविता म्हणतो हे त्यांना कुणीतरी कळवलं होतं, आणि नुसत्या कविता म्हणणाऱ्या माणसाला लेक दिली हे चारचौघांत सांगायला त्यांना जड जात होतं. निदान मासे धरतो असं तरी सांगता यावं. त्याच दुपारी ते मला पाण्यावर घेऊन गेले, चक्रीची मूठ फिरवली, आणि तो आवाज आला. मला एकदम चौथीचा वर्ग आठवला. गुरुजी टेबलावर पट्टी आपटून ताल धरायचे आणि आम्ही सगळी पोरं एका सुरात कविता म्हणायचो, अगदी तोच ताल. तेव्हापासून दोरी गुंडाळताना मी मनात श्लोक म्हणत आलो. एका श्लोकात किती दोरी आत येते ते माझ्या मनगटाला पाठ होतं.

या भरात मायना राहिला. तो असा घ्यावा: पिंपळगाव बसवंत मुक्कामी द्राक्षांच्या मांडवाखाली गार सावलीत पसरलेले, आमच्या मंडळींचे धाकटे बंधू, बागाईतदार, फुकटचे सल्लागार आणि (हे मी मुद्दाम शेवटी लिहितो) विश्वासघातकी चिमाजीराव यांना, नदीच्या खडकावर भाजून निघालेल्या सावळीराम दाजीचा दात आवळून केलेला नमस्कार. तुमची प्रकृती ठणठणीत असणारच. दुसऱ्याची वस्तू बुडवली की माणसाला भूक चांगली लागते असं दिसतं. तुमच्या मंडळींचा, लताबाईंचा, रक्तदाब काय म्हणतो? इकडे तुमच्या बहिणीची प्रकृती उत्तम आणि आवाज त्याहून उत्तम. माझी प्रकृती तुम्ही विचारली नाहीत, तरी सांगतो.

गेल्या पावसाळ्यात मला चिकुनगुन्या झाला हे तुम्हाला ठाऊक आहे. (तुम्ही भेटायला आलात, पेरू आणलेत, आणि त्यातला एक स्वतः खाऊन गेलात.) ताप गेला, पण उजव्या मनगटात तो जो घर करून बसला आहे तो भाडंही देत नाही आणि जागाही सोडत नाही. चहाचा कप उचलताना मला दुसरा हात खाली धरावा लागतो. मग ती जुनी गळाची काठी कशी उचलणार? तिचा दांडा शिसवी, जाडजूड, वर चक्री पकडायला दोन लोखंडी कड्या. हिच्या भाजीच्या काट्यावर टाकला तर मेथीच्या कितीतरी जुड्यांना भारी पडला. आणि नदी सोडून द्यायची म्हटलं तर माझ्याकडे उरतं काय, चिमाजीराव? एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातली नोकरी संपली. आमचा फुलांचा मळा गेला, तिथे आता मंगल कार्यालय उभं आहे आणि तिथे फुलंसुद्धा प्लास्टिकची लावतात. सोबत कविता म्हणणारे होते ते एकेक करून वर्ग सोडून गेले. उरला तो एक डोह, आणि त्यात सोडलेला गळ. (मासा धरून मी परत सोडतो, याला तुमची बहीण वेड म्हणते. म्हणू दे.)

म्हणून मी तुम्हाला फोन केला. माणूस अडला की मेहुण्याला विचारतो, ही आपल्याकडची जुनी चूक आहे. आणि तुम्ही, जांभई देत का होईना, म्हणालात, ‘दाजी, तो सगळा दांडा कापून टाका. काठी नुसती ठेवा, तिच्यावर बुचं ओवा आणि तासून घ्या. कापसासारखी होईल. आणि चक्री आमच्या कलमाच्या पट्टीनं आवळा. द्राक्षाचं कलम सुटत नाही, तुमची चक्री काय सुटती.’ हे शब्द तुमचे. तुमच्या बहिणीने फोनच्या कर्ण्यातून ऐकले आहेत.

मी त्याच संध्याकाळी करवत घेतली आणि शिसवी दांडा काठीपासून कापून काढला. लाकूड बंबात गेलं. कड्या हिने दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याला देऊन टाकल्या आणि बदल्यात लसूण घेतला. म्हणजे मागे फिरायची वाट त्या दिवशीच बंद झाली, हे ध्यानात घ्यावं.

आता बुचं. बूच म्हणजे झाडाच्या सालीचं, आणि ते मिळतं वाईनच्या बाटलीला. आपल्या नाशकात वाईनला तोटा नाही, पण सत्तरी उलटलेल्या, भजनी मंडळात पहिली ओळ उचलणाऱ्या निर्व्यसनी माणसाने ती बुचं मागायची कशी याचा विचार तुमच्या सल्ल्यात नव्हता. मी गंगापूरच्या पलीकडे एका वाइनरीत गेलो. दारातल्या रखवालदाराने मला वाकून आत सोडलं. आत मुंबईची पोरंपोरी पेला नाकाशी धरून डोळे मिटत होती, मला वाटलं प्रार्थना चालली आहे. वाढणाऱ्या मुलाला मी हळूच म्हणालो, बाळ, मला बाटलीतलं काही नको, फक्त वरचं बूच दे. त्याने माझ्याकडे ज्या दयेने पाहिलं ती मी विसरणार नाही. बहुधा डॉक्टरांनी प्यायची बंद केलेली असावी आणि म्हातारा वासावर दिवस काढतो आहे, असं त्याला वाटलं. त्यात निम्म्या बाटल्यांना आता फिरकीचं झाकण असतं, त्यामुळे मला तीन खेपा कराव्या लागल्या. तिसऱ्या खेपेला पिशवी भरली. बाहेर पडतो तो समोर रंगूबाई, आमच्या शेजारीण, लग्नाच्या वऱ्हाडाच्या गाडीतून उतरून झाडाखाली हवा खात उभ्या. माझ्या पिशवीला द्राक्षारसाचा दरवळ, हातरुमालावर जांभळे डाग. त्यांनी पदर नाकाला लावला आणि त्या परत गाडीत जाऊन बसल्या. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. गुरुवारच्या भजनाला माझ्या शेजारची सतरंजी दोन्ही बाजूंनी मोकळी राहिली, आणि पहिली ओळ दुसऱ्याच कुणी उचलली, तीही बेसूर.

घरी तुमच्या बहिणीने मला समोर बसवून श्वास सोडायला लावला. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर. नंतर ती शांत झाली, पण ती शांतता वाळवणापर्यंतच टिकली. बुचाला आरपार भोक पाडणं म्हणजे काय हे तुम्ही कधी करून बघितलं आहे का? तापलेल्या सळईने पाडलं तर बूच जळतं, गिरमिटाने पाडलं तर फुटतं. शेवटी गोल कानशीने एकेक बूच पोखरत बसलो. मग ती काठीवर ओवली, जेवढी हाताला लागतील तेवढीच, एक जुडगा वर, एक खाली, मधली काठी उघडी, म्हणजे वजन आणखी कमी. (ही युक्ती माझी, तुमची नव्हे.) दोन नळ्यांतला चिकट डिंक कालवून लावला, त्यात धोतराचा सोगा चिकटला तो कापावा लागला. आणि मग गच्चीत बसून काचकागदाने तासायला घेतलं. वारा होता. मी तासत होतो आणि कविता म्हणत होतो, त्यामुळे बुचाचा भुगा कुठे जातो याकडे लक्ष नव्हतं. तो पलीकडच्या साडीवर वाळत घातलेल्या कुरडयांवर जात होता. ओल्या कुरडईला भुगा बसला की तो तिचाच होतो. या वर्षाच्या कुरडया तळल्या की खमंग तांबूस दिसतात आणि दाताखाली किंचित करकरतात. तुमच्याकडे पाठवलेला मोठा डबा त्यातलाच. तेव्हा मला वाईट वाटलं होतं. आता वाटत नाही.

पण चिमाजीराव, मूठ झाली तेव्हा काय झाली म्हणून सांगू. राग क्षणभर बाजूला ठेवून सांगतो. हातात घेतली आणि हातात काही घेतलंय असं मनगटाला कळलंच नाही. पाखरू बोटावर बसावं तशी. बोटांना बुचाची ऊब लागत होती. मी गच्चीतून हवेत दोरी फेकल्यासारखं केलं, एकदा, दोनदा, आणि मनगट गप्प. कित्येक महिन्यांनी गप्प. तिथल्या तिथे दोन ओळी सुचल्या:

बुचाबुचांची गुंफुन माळा केली हलकी काठी रे,
डोहामधल्या रोहितराजा, उद्याच येतो काठी रे.

(गुरुजी असते तर यमकाला शाबासकी दिली असती. तुमची बहीण म्हणाली, पंख्याचं बटण बंद करा.)

तुमच्या कलमाच्या पट्टीचा गुंडाळा, तुमच्या गावाहून नाशकात माल आणणाऱ्या भारतच्या टेम्पोतून आला. पातळ, ताणली की लांब होणारी, डिंक नाही तरी स्वतःलाच चिकटणारी. मी आबांची चक्री बुचांच्या मधल्या जागेत बसवली, तिचे दोन्ही पाय पट्टीने आवळले, कलमासारखे, खालून वर, वेढ्यावर वेढा, तुम्ही फोनवर सांगत होता तसे. मग परीक्षा घेतली. दोरीचं टोक हिच्या खुर्चीच्या पायाला बांधलं, ही वाटाणे सोलत बसली होती, आणि चक्री फिरवली. खुर्ची हिच्यासकट वीतभर पुढे आली. चक्री तसूभर हलली नाही. वाटाणे सांडले, बोलणी खाल्ली, पण मनात तुम्हाला आशीर्वाद दिले. ते परत करावेत.

गेल्या बुधवारी सकाळी मी डोहावर गेलो. एकलहऱ्याच्या खालच्या अंगाला जो काळा खडक आहे, आबा आमच्याकडे आले की बसायचे तोच. गळ टाकला. पहिले काही तास पाण्यात फक्त ढग होते. ऊन चढलं, खडक तापला, माझी टोपी तापली, मी दोन कविता पूर्ण म्हटल्या आणि तिसऱ्या कवितेच्या मधल्या कडव्याला अडलो (तो शब्द अजून आठवत नाही), आणि तेवढ्यात काठी वाकली. साधी नाही, चिमाजीराव. वाटीसारखी वाकली. रोहू असावा, अंगाने चांगला पोसलेला. मनगटाला कळ आली नाही. मी चक्री फिरवायला लागलो, आणि चक्री फिरली. मूठ नव्हे, अख्खी चक्री. काठीभोवती ती प्रदक्षिणा घालायला लागली. मी खाली बघतो तो पट्टीचे वेढे सैल पडून पिकल्या केळीच्या सालीसारखे सुटत होते. मी डाव्या हाताने चक्री धरायला गेलो तर काठी सुटायला आली, काठी सावरली तर चक्री सुटली. माशाने तिकडून ओढ दिली आणि ती टण् करून एका खडकावर, मग दुसऱ्यावर, रुसून निघालेल्या माणसासारखी मागे न बघता उड्या मारत गेली आणि डोहात दिसेनाशी झाली. मी गुडघाभर पाण्यात उतरलो, पुढे कंबरभर. चक्री हाताला लागली नाही.

पलीकडे कुसाबाई नावाची एक बाई गोधड्या धूत होती. तिने पिळता पिळता सांगितलं, ‘बाबा, निघा बाहेर. लोकं मासे नेत्यात, तुमाला मासा लुटून गेला. पन लय झ्याक ओढत व्हता व्हय.’ तिला हसू येत होतं आणि ती ते गोधडीत लपवत होती. मी तिच्यावर रागावलो नाही. माझा सगळा राग मी पिंपळगावसाठी राखून ठेवला.

ओल्या धोतराने काठावरूनच तुम्हाला फोन लावला. आणि तू काय बोललास, चिमाजी? (रागात माणूस तुम्हीवरून तूवर येतो, तसा मी आलो आहे.) आधी तू हसलास. पोटभर हसलास. मग म्हणालास, ‘अहो दाजी, ती पट्टी सुटायलाच केलेली असती. उन्हानं ढिली पडती, फुटवा जाड झाला की तिनं आपोआप जागा द्यायची, नाहीतर झाडाचाच गळा आवळला जाईल.’ म्हणजे तुला ठाऊक होतं. आयुष्यभर ती पट्टी कलमाला बांधलीस, ती उन्हात सोडून देते हे तुझ्या बागेतल्या कुत्र्यालाही ठाऊक असेल, आणि तू मला सांगितलं नाहीस. मी विचारलं, का नाही सांगितलंस? त्यावर तू जे बोललास ते मी इथे लिहितो, म्हणजे तू कधी नाकबूल होणार नाहीस. तू म्हणालास, ‘मला वाटलं तुम्ही घरातल्या घरात करताय. वेळ जायला. या वयात तुम्ही खरंच नदीवर जाल असं कुणाला वाटलं होतं?’

चक्री गेली त्याचं दुःख निराळं. पण हे वाक्य माझ्या अंगात काट्यासारखं मोडून बसलं आहे. म्हणजे मी कानस चालवत होतो, श्वास सोडून दाखवत होतो, भजनातली जागा घालवत होतो, तेव्हा तू मनात समजत होतास की म्हातारा खेळतो आहे. लहान मुलाला खेळायला मोडकं घड्याळ द्यावं तशी तू मला ती पट्टी दिलीस.

तेव्हा आता ऐक. जावयाला रुसायचा हक्क आहे. तो मोठ्या माणसांनी लग्नातच दिलेला असतो आणि तो वयाप्रमाणे संपत नाही, पेन्शनसारखा चालू राहतो. आबांच्या वेळी मी एकदाच रुसलो होतो, पानात पापड विसरला म्हणून, तर ते स्वतः मांडवाच्या दारात येऊन बसले होते आणि मी उठेपर्यंत उठले नव्हते. तुझ्याकडून तेवढी अपेक्षा नाही. मी या धोंड्याच्या जेवणाला येत नाही, एवढं कळवतो. धोंड्याला लेक आणि जावई जोडीनेच लागतात, एकट्या लेकीला ओवाळता येत नाही, त्यामुळे तुझी बहीणही यायची नाही. गेले दोन दिवस ती माझ्याशी बोलत नाही. बोलली ती एकदाच: ‘रुसायला तोंडात दात तरी हायेत का?’ माहेरची भाषा तिच्या तोंडी आली की समजावं, माहेरची ओढ लागली आहे. तिने नवं लुगडं काढून पलंगावर ठेवलं आहे. ते तसंच पडून आहे, मी ते बघत नाही असं दाखवतो. ते राहो. माझा निर्णय पक्का आहे.

रागावलेला, पण अजून तुमचाच,
सावळीराम दाजी

ता. क. जेवणाला येत नाही याचा अर्थ पुरणाचे धोंडे नकोत असा नाही. भारतच्या टेम्पोने पाठवावेत. तूप वेगळं द्यावं, सांडतं.

ता. क. दुसरं. तुमच्या जावयाने दुबईहून आणलेली चक्री तुमच्या बैठकीत काचेच्या कपाटात, चांदीच्या गणपतीशेजारी ठेवलेली आहे, पिशवीसुद्धा काढलेली नाही. शोभेच्या वस्तूला धूळ बसते. धोंड्यांच्या डब्यातच ती घालून दिलीत तर कुणाला कळणार नाही. बांधायचं माझं मी बघेन. सायकलच्या जुन्या ट्यूबचे वेढे कापून ठेवले आहेत, ते उन्हात तासभर ठेवून, ओढून, पाण्यात बुडवून बघितले आहेत. रबर झाडाचा विचार करत नाही.

ता. क. तिसरं, आणि हे हिला वाचून दाखवू नये. काठी हलकी झाली, ते खरं. पण मासा ओढताना मनगटाला कळ आली नाही असं वर लिहिलं आहे, ते खोटं आहे. कळ आली. डोळ्यांपुढे अंधारी आली. चक्री सुटली नसती तर बहुधा मीच सोडली असती. तेव्हा कुणीतरी शेजारी बसायला हवं. गळ मी टाकेन, श्लोक मी म्हणेन, मासा लागला की काठी तुमच्या हातात देईन. तुम्ही बसा, वाटलं तर सावलीत बसा, वाटलं तर हसा. रविवारी सकाळी यावं. नाही जमलं तर आधी कळवावं, म्हणजे मी ही काठी

(वाक्य अर्धं राहिलं. दारात हॉर्न वाजतो आहे. बघून येतो.)

चिमाजीराव, भारतचा टेम्पो आहे. पुढच्या सीटवरून तुमच्या मातोश्री उतरल्या आहेत. होय, आमच्या सासूबाई, नवसाबाई, नव्वदीच्या, गुडघ्यांपायी ज्यांनी कित्येक वर्षं तुमच्या ओट्याखाली पाऊल टाकलेलं नाही. हिने परवा चोरून त्यांना फोन केला होता असं आता कळतं. त्या पाणी पिताहेत तेवढ्यात हे लिहितो. मला म्हणाल्या, ‘जावयाला उठवाया घरच्या मानसानं यावं लागतं. चिमाजीला म्हनलं, तू हसलास, तू नगं जाऊ, मी जाते.’ मी पाया पडलो. त्यांनी कोपऱ्यातली काठी बघितली, मागितली, आणि एका हाताने उचलून धरली. बराच वेळ धरली. काठी खाली आली नाही.

‘हलकी हाय,’ म्हणाल्या. ‘तुमचे सासरे जल्मभर नदीवर गेले, मला कंदी न्हेलं नाय. जेवान सांच्याला बी व्हतंय. आदी मला पान्यावर घिऊन चला.’

तुमची बहीण नवं लुगडं नेसून टेम्पोत जाऊन बसली आहे.